रोज एक जहाज बुडवणाऱ्या कप्तान काकू

कप्तान काकूंची देवपूजा आटोपली, तुळशीला पाणी घालून झालं, की त्या पदर खोचून कॉम्प्युटरसमोर बसायच्या आणि एक जहाज बुडवायच्या. चहा त्यानंतर. रिसोडच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायला गेलो. पहिल्याच सकाळी हा प्रकार पाहिला आणि खोली बदलावी की काय, असं मनात येऊन गेलं. समुद्र रिसोडपासून कुठल्या कुठे. काकूंनी तो जन्मात पाहिला नव्हता.

तो एक खेळ होता. त्यात मारामारी नाही, गुण नाहीत, जिंकणं-हरणं नाही. पाण्यावर जहाज सोडायचं, हवं तिथं भोक पाडायचं आणि ते कसं बुडतं ते पाहायचं. बुडणं मात्र अगदी खऱ्यासारखं. पाणी एका खोलीतून दुसरीत शिरायचं, जहाज हळूहळू कलायचं, नाक खाली घालायचं, कधी मधोमध मोडायचं. काकूंचा एकुलता एक मुलगा नितीन मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला होता. एकदा सुट्टीवर आला असताना त्यानंच हा खेळ गंमत म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर टाकला. तो परत गेला आणि खेळ आईच्या हाती लागला. 'कप्तान' ही पदवी गल्लीची.

गल्लीला हे सगळं अभद्र वाटायचं. शेजारच्या मंदाताई एकदा तोंडावरच म्हणाल्या, "काहून हो काकू, पोरगं पान्यावर अन् तुमी जहाज बुडवून राह्यल्या?"

काकूंनी मानही वळवली नाही. "इथं बुडवल्यानं तिथं बुडत असन, तं मंग इथंच सोयाबीनचा भाव बी वाढवून घेऊ ना मंदा."

शुभ-अशुभ काकूंच्या गावीच नव्हतं. बाहेर निघताना कुणी शिंकलं तर थांबायचं सोडून त्या चपला आणखी लवकर घालायच्या.

त्यांच्या कॉम्प्युटरच्या काचेवर बोटाचा एक तेलकट पट्टा कायम असायचा. तो कशाचा, हे मला बऱ्याच दिवसांनी समजलं. जहाज आतून दिसेल असं करून त्या तळाशी, इंजिनाच्या खोलीवर बोट ठेवायच्या. "हा नितू." पाणी चढू लागलं की बोट जिन्यावरून वर सरकायचं. "आता निंगाला. हे दार लावलं. हा आला वरते." कधी कधी बोट वेळेत वर पोचायचं नाही. मग काकू बोट पदराला पुसायच्या आणि तेच जहाज पुन्हा पाण्यात सोडायच्या. आईनं असलं काही मनात आणायलाही घाबरावं, आणि ही बाई ते रोज सकाळी स्वतःच्या हातानं करून पाहत होती. मी दारात उभा राहून थक्क व्हायचो.

"काकू, भीती नाही वाटत?" एकदा मी विचारलंच.

"वाटते ना. म्हनून तं पाहनं हाय. भेव अंधारात लय मोठं दिसते मास्तर. लाइट लावला का मांजर निंगते."

त्यांचं आणखी एक पालुपद होतं: "एका खोलीत पानी आलं म्हनजे जहाज गेलं असं नाई. दार लावता आलं पायजे." हे त्या कुठेही लागू करायच्या. मुख्याध्यापकांवर चिडून मी घरी आलो आणि जेवताना धुसफुसत बसलो, तर ताटात दुसरी भाकरी टाकत म्हणायच्या, "दार लावा मास्तर. शाळेतलं पानी ताटात कायले आनता?"

आणि मग नितीन आला तो पुन्हा जायचं नाही असं ठरवूनच. वादळात त्याच्या जहाजाच्या इंजिनाच्या खोलीत पाणी शिरलं होतं. जहाज बचावलं, माणसंही बचावली. पण घरी आल्यापासून त्याला खोलीचं दार लावलेलं सहन होईना. इथंच मोबाइलचं दुकान टाकतो म्हणाला. मंदाताईंनी पेढे वाटले. सगळ्या गल्लीत काकूच तेवढ्या गप्प होत्या.

एका दुपारी त्यांनी त्याला हाक मारून कॉम्प्युटरसमोर बसवलं. "तुयासारखंच जहाज हाय. पानी जिथून आलं, तिथं भोक पाड."

नितीननं खुर्ची पुढे ओढली. त्यानं भोक पाडलं. पाणी आत घुसलं.

"आता दार लाव."

त्यानं दार लावलं. जहाज एका अंगाला कललं, आणखी कललं आणि तसंच थांबलं. पाणी दाराशी अडून राहिलं. मायलेक कितीतरी वेळ बघत बसले.

"आई, असंच झालं होतं."

"मंग? राह्यलं ना तरंगून?" काकूंचा आवाज अगदी साधा होता. "तुले दुकानाची हौस असन तं खुशाल टाक. जाय म्हनून मी सांगनार नाई. पन भेवापोटी घरी राहू नको लेका."

त्या रात्री नितीन दार लावून झोपला. महिनाभरानं त्यानं बॅग भरली.

लेकरू आपणहून घरी राहतो म्हणत होतं आणि हिनं त्याची भीती काढून घेतली. अशी हिंमत मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. स्टँडवर काकू रडल्या नाहीत. वाशीमची गाडी लागली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पोचला का फोन करजो."

मी त्यांच्याबरोबर घरी आलो. काकूंनी चपला काढल्या, कॉम्प्युटर लावला आणि नितूचं जहाज पाण्यावर सोडलं. बोट इंजिनाच्या खोलीवर ठेवलं. जहाज नुसतं डुलत होतं. काकू भोक पाडेनात.

"काकू, आज बुडवत नाही?"

"आज नाई मास्तर," काचेवरचं बोट न काढता त्या म्हणाल्या. "गाडी अजून वाशीमले बी पोचली नसन."