कुंकवाचा रिमोट

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गोठ्यातल्या गायींनासुद्धा माहीत आहे. त्यामुळे लेक पुण्याला नोकरीला निघाली आणि तिचा तो गेमचा काळा डबा टीव्हीखाली ठेवून चालली, तेव्हा मी आधी भांडून घेतलं. "ही ब्याद माझ्याच घरात कशाला?"

"तिकडं खोलीत जागा नाहीये, आई. आणि तू खेळून तर बघ."

मी म्हटलं, चार गायींच्या धारा, कांद्याची खुरपणी, तुझ्या बापाचं खाणंपिणं, आणि वर मी खेळू? शोभतं का बोलणं? ती हसत गेली. डब्यावर मी एक जुना टॉवेल टाकला आणि विसरून गेले.

श्रावणात नवरा ट्रॉलीवरून पडला. कडब्याच्या पेंढ्या रचताना पाय सटकला आणि उजवा खांदा मोडला. नगरला नेऊन ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने स्टेअरिंगला हात लावायचा नाही. आमचा ट्रॅक्टर जुना, पॉवर स्टेअरिंगचं नाव नाही. वळवायला दोन्ही खांदे भक्कम लागतात.

आता हा माणूस जन्मात कधी दुपारी आडवा झाला नव्हता. पहिल्या आठवड्यातच त्यानं छताचे पत्रे मोजून संपवले आणि मग माझ्या डोक्याशी खेळायला सुरुवात केली. गायींना पाणी दाखवलं का, मोटार बंद केली का, दार कुणी उघडं ठेवलं. शेवटी एका दुपारी मी वैतागून टॉवेल ओढला. "गप बसा आता. बघा हे काय ते."

त्याला एका हातानं जमेना, म्हणून तो रिमोट माझ्या हातात आला. लेक त्याला दुसरं काहीतरी म्हणते, पण ज्यानं टीव्हीतलं हलतं तो रिमोट, एवढं मला पुरेसं आहे.

पहिल्यांदा क्रिकेट लावलं. पहिल्या चेंडूवर दांडी गुल. दुसऱ्या डावातही पहिल्याच चेंडूवर. नवरा कॉटवरून ओरडतोय, "अगं, बॅट फिरव की!" मी म्हणतेय, "कुठल्या बटनानं फिरवू?" चौथ्या दिवशी एक चेंडू असा काही लागला की थेट प्रेक्षकांत. मी उभी राहून टाळ्या पिटल्या. तेवढ्यात पुढचा चेंडू पडला आणि मी पुन्हा आऊट.

फुटबॉलमध्ये मी गोल केला आणि नाचले. मग कळलं, तो आपल्याच जाळ्यात केला होता. गाड्यांच्या शर्यतीत वळण आलं की मी अंगासकट वळायची. एकदा कोपर सरळ नवऱ्याच्या मोडक्या खांद्यावर गेलं आणि त्यानं अशी आरोळी ठोकली की गाय दावं तोडून पळाली. भुताच्या गेममध्ये मी पहिलंच दार उघडलं आणि नेमकी लाईट गेली. त्या गेमच्या वाटेला मी परत गेले नाही.

पण मारामारीच्या गेममध्ये मात्र मी पहिल्या दिवसापासून जिंकले! त्यात काही शिकावं लागत नाही. राग आणायचा आणि सगळी बटनं एकदम दाबायची. समोरचा दंड थोपटणारा पैलवान चारीमुंड्या चीत. नवरा म्हणाला, "लई दिसांचं साठलेलं दिसतंय." मी म्हटलं, चोवीस वर्षांचं.

मग सापडला शेतीचा गेम. कुठल्या तरी थंड देशातलं शेत, लांबच लांब, एक दगड नाही की हराळी नाही. पाऊस वेळेवर. लाईट दिवसभर. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. "हितं पीक न्हाई येनार तर काय व्हनार!" नवरा म्हणाला. पण त्यात ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरला ट्रॉली होती, आणि तिथं आमचं हसू थांबलं.

कारण ट्रॅक्टर मला सरळ चालवता यायचा. रानात रोटर मारून ढेकळं फोडायला नवऱ्यानंच शिकवलं होतं, आणि लेकीनं स्वतःचं लायसन काढताना माझंही काढायला लावलं होतं. पण ट्रॉली जोडून रिव्हर्स? ते बाईमाणसाचं काम नाही, असं आमच्याकडं कुणी बोलून दाखवत नसे. कारण कुणा बाईनं तसं कधी विचारलंच नव्हतं. आणि ट्रॉलीचा माल कुठंही न्या, उतरवायला शेवटी ती मागं घेऊनच लावावी लागते.

गेममध्ये मी ट्रॉली मागं घ्यायला गेले की ती मुरकायची आणि ट्रॅक्टरच्याच अंगावर यायची. मी सोडून दिलं. क्रिकेट बरं.

खंडेनवमीला थोरले दीर आले. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. मानेचं दुखणं असल्यामुळे गळ्यात कायम पट्टा. आता आमच्याकडची रीत सांगते: थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी तोंडानं बोलत नाही. चोवीस वर्षांत दादा माझ्याशी एक शब्द थेट बोललेले नाहीत, आणि मीही त्यांच्याशी नाही. मी समोर उभी असले तरी ते भिंतीला सांगणार, "तिला म्हनावं, च्यात साखर कमी टाक." मीही भिंतीलाच सांगणार, "त्यांना म्हणावं, टाकलीच नाही."

अंगणात ट्रॅक्टर धुऊन उभा केला होता. झेंडूच्या माळा घातल्या. विळे, खुरपी, कोयते, धारेची बादली, सगळं ओळीनं मांडून मी हळदकुंकू वाहत होते. दादांनी नारळ फोडला आणि खोबरं खात नवऱ्याला म्हणाले, "ट्रॅक्टर असा दारात हुबा ठेवून काय करनार? माझ्याकडं लावू. माझा डायवर दोनी चालवील. तुझं बी काम करून देऊ, सवडीनं."

सवडीनं! म्हणजे आधी त्यांची बारा एकर, मग आमची. आमची नांगरट कधी, तर ते म्हणतील तेव्हा. आणि एकदा त्यांच्या शेडमध्ये गेलेली वस्तू परत आलेली मी पाहिलेली नाही. आमचं फवारणीयंत्र अजून तिथंच आहे. हा ट्रॅक्टर माझ्या गायींच्या दुधावर उभा राहिलाय. पहाटे चारला उठून मी तो उभा केलाय.

दादांनी चावीसाठी हात पुढं केला. नवरा खाली बघत होता. मी भिंतीला म्हटलं, "त्यांना म्हणावं, ट्रॅक्टर मी चालवते."

दादा हसले, पण माझ्याकडं बघून नाही. "सरळ चालवील की ती. कांद्याची ट्रॉली मार्केटला गाळ्यावर मागं कोन लावनार? तिला म्हनावं, दिवाळीआधी साठवनीच्या चाळीतला कांदा घोडेगावला न्यायचाच हाय. तिनं एकटीनं गाळ्याला ट्रॉली लावून दाखवावी. लावली तर ट्रॅक्टर तुमच्याच दारात. न्हाईतर तिथनंच माझ्या शेडात."

"चालेल म्हणावं," मी म्हटलं आणि रागारागात घरात गेले. आत येऊन पाहते तो टीव्हीखाली रिमोट. मनात आलं, हत्यारं पुजायचा दिवस, आणि आता माझं हत्यार हेच. त्याला बाहेर आणून खुरप्याशेजारी ठेवलं, फुलानं पाणी शिंपडलं, हळदीकुंकवाची चांगली बोटं ओढली.

संध्याकाळी गेम लावला तर ट्रॅक्टर आपोआप डावीकडं पळायला लागला. पाणी आणि कुंकू त्या वळवायच्या दांडीच्या बुडाशी गेलं होतं.

लेकीला फोन केला. "आई, तू कंट्रोलरला कुंकू लावलंस?" ती हसावं की रडावं या आवाजात ओरडली. "पाणी पण शिंपडलंस?" मी म्हटलं, "मग कोरडी पूजा करतात का?" ती म्हणाली, दिवाळीला नवा आणते, तोवर खेळू नको. पण दिवाळीपर्यंत थांबून माझं कसं भागणार?

मग तोच डावरा रिमोट घेऊन बसले. रोज दुपारी तास, दीड तास. दांडी डावीकडं ओढायची, मी डाव्या अंगठ्यानं ती कायम जरा उजवीकडं रेटून धरायची. नवरा शेजारी बसून सांगायचा. "ट्रॉली उजवीकडं पायजे, तर स्टेअरिंग डावीकडं. थोडंच. आता सरळ कर. अगं, सरळ कर म्हन्तो ना!" आमची इतकी भांडणं लग्नाच्या पहिल्या वर्षातही झाली नसतील. पण कॉटवरचा तो माणूस पुन्हा तरतरीत दिसायला लागला होता. मी बोलवायच्या आधी तोच म्हणायचा, "चला, लावा ट्रॉली."

आठव्या दिवशी ट्रॉली गेममधल्या शेडमध्ये सरळ आत गेली. मी रिमोट खाली ठेवला आणि पदरात तोंड घालून रडले. कशाला, ते मलाही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी खरा ट्रॅक्टर काढला, रिकामी ट्रॉली जोडली आणि पडीक वावरात गेले. पहिल्याच झटक्यात उकिरड्यात घातली. मागं वळून बघून मान अवघडली; टीव्हीत सगळं वरून दिसतं, इथं आपलीच पाठ आडवी येते. पण दुसरीच गोष्ट ध्यानात आली. ट्रॅक्टर डावीकडं ओढत होता.

"अहो, हा डावीकडं का जातोय?"

नवरा हाताची झोळी सावरत कसनुसा हसला. "त्याला वढ हाय. दोन वर्सं झाली. खर्च नको म्हनून तुला बोललो न्हाई."

मला राग यायला हवा होता, पण हसूच फुटलं. कुंकवानं बिघडवलेला रिमोट आणि हा ट्रॅक्टर, दोघांची खोड एकच! स्टेअरिंगवर माझा डावा अंगठा आपसूक दाबून बसला होता. चार दिवसांत मी दोन पिंपांच्या मधून ट्रॉली मागं घ्यायला लागले.

दिवाळीच्या आठवड्यात कांद्याच्या गोण्या भरल्या आणि घोडेगावला निघालो. नवरा मडगार्डवर बसला होता, एका हातानं दांडा धरून. मार्केटात शिरल्यावर मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या गाळ्यासमोर दोन टेम्पो उभे, मध्ये जेमतेम एका ट्रॉलीची जागा, आणि ओट्यावर हमाल, आडतदार, चहावाला. सगळे ट्रॅक्टरवरची बाई बघायला वळलेले. कुणीतरी म्हणालं, "ओ मावशी, मालकाला बसू द्या स्टेअरिंगवर." मालकाचा हात झोळीत होता.

आणि त्यांच्याच मागं, आपल्या नव्या ट्रॅक्टरशेजारी, गळ्यात पट्टा घालून दादा उभे. तेही कांदा घेऊन आले होते.

मी आधी थोडं पुढं घेतलं. मागं वळले. ट्रॉली भरलेली असली की वावरातल्यासारखी लगेच ऐकत नाही. सांगितल्यावर जरा वेळानं ऐकते, आणि मग एकदम. उजवीकडच्या टेम्पोच्या आरशाशी ती वीतभर अंतरावर आली. हमाल ओरडला, "थांबा, थांबा!" ट्रॅक्टर ओढतच होता. माझा अंगठा दाबला गेला. स्टेअरिंग इवलंसं उजवीकडं. ट्रॉलीनं तोंड फिरवलं आणि सरळ झाली. हळू, अजून हळू. मागची फळी ओट्याला टेकली आणि ठक्क असा आवाज झाला.

जमली! एका दमात जमली!

हमाल हसत गोण्यांवर चढले. मघाशी मावशी म्हणणाऱ्यानं चहाचा कप पुढं केला. नवरा मडगार्डवरून उतरला, डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाला. मी चावी काढून कमरेला खोचली आणि खाली उडी मारली.

दादा अजून आपल्या ट्रॅक्टरपाशीच होते. मग कळलं, त्यांचा ड्रायव्हर कारखाना सुरू होतोय म्हणून ऊसतोडीच्या वाहतुकीला निघून गेला होता. दादांनी स्वतःच ट्रॅक्टर सरळ सरळ इथवर आणला होता. पण मागं लावायची तर मान वळायला हवी, आणि मान पट्ट्यात. मागं दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. नवऱ्याकडं पाहिलं, तो मुद्दाम गोण्या मोजत होता. भिंत जवळ नव्हती. शेवटी ते चार पावलं चालत माझ्यासमोर आले, घसा खाकरला आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून बोलले.

"आमची बी लावून देता का?"

मी पदर खोचला आणि हात पुढं केला.

"चावी द्या, दादा."