शेवटच्या बाकावरची पिशवी

इंदापूरला आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराची आतली बाजू यांनी काळ्या रंगानं रंगवून घेतली होती. तोच यांचा फळा. हे म्हणजे माझे मालक. बारामतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते नुकतेच शिकवायला लागले होते, तेही तात्पुरते, टर्मपुरते. विषयाचं नाव अ‍ॅनालॉग कम्युनिकेशन. ते नाव मला नीट म्हणता यायला आठवडा लागला. माझी शाळा चौथीपर्यंत.

आमच्या दोन्ही घरांत पूर्वी मेंढरं होती. यांच्या वडिलांनी ती लवकर विकून जमीन कसायला घेतली आणि मुलाला शाळेत घातलं. माझ्या वडिलांनी उशिरा विकली, तोवर मी कळपामागं फिरून मोठी झाले होते. मी यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. हे बारावीला असतानाच माझ्या माहेरी, डाळजला, तात्यांच्या ओट्यावर आमची सुपारी फुटली. तात्या गावातले मोठे. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. पुढं हे इंजिनिअर झाले तरी दिलेला शब्द मोडला नाही. हे मी कधी विसरले नाही, म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

पहिल्या टर्मला हे घरी येऊन गप्प बसायचे. एकदा मी भीतभीत विचारलं, तर म्हणाले, "पोरं हसत्यात." बोलता बोलता तोंडातून 'हाय' नाहीतर 'न्हाय' निघालं की मागच्या बाकावरून कुणीतरी मेंढरासारखं ओरडायचं. मग हे पोरांकडं पाठ करायचे आणि तास संपेपर्यंत फळ्यावर लिहीत राहायचे. डोक्यात सगळं पुस्तक होतं, पण माणसांपुढं तोंड उघडत नव्हतं. लाजरेपणात आम्ही दोघं सारखेच. फक्त मी लाजले तर घरातल्या घरात, आणि हे लाजले की पन्नास पोरांचा तास वाया.

एका संध्याकाळी हे दाराकडं तोंड करून उद्याचा धडा म्हणत होते. मी खाली बसून शेंगा फोडत होते. मधेच वळून यांनी विचारलं, "कळलं का?"

"व्हय," मी म्हणाले.

"खोटं. तुझं हात थांबलं व्हतं."

मला हसू आलं. खरंच थांबले होते. त्या दिवसापासून तसंच ठरून गेलं. हे शिकवायचे, मी शेंगा फोडायची नाहीतर तांदूळ निवडायची. हात चालू असले की हे पुढं जायचे. हात थांबले की मागं यायचे, तेच दुसऱ्या तऱ्हेनं सांगायचे. पोरांना जो धडा दुसऱ्या दिवशी मिळायचा तो मला आदल्या संध्याकाळी मिळायचा. सासूबाई चुलीपासून म्हणायच्या, "आरं, दाराला शिकवतोस का बायकूला? दोघांस्नी सारखंच कळतंय."

"आये, दार मधीच थांबवत न्हाय मला," हे म्हणायचे.

माणसाचा आवाज लांब जात नाही, म्हणून त्याला एका जोरकस लाटेवर बसवून पाठवायचं, इथं माझे हात पहिल्यांदा बराच वेळ थांबले होते. बसवायचं म्हणजे कसं? यांनी तीनदा सांगितलं. मग मला आमच्या डाळजचं पाणी आठवलं. उजनी धरणाचं पाणी गावाशेजारून पसरलेलं, पलीकडच्या काठावर माझी मावशी. या काठावरून कितीही ओरडलं तरी तिला ऐकू जात नसे. होडीवाल्याजवळ निरोप द्यायचा. मी म्हणाले, "आवं, म्हंजी होडीच की. निरोप होडीत बसून जातो. पलीकडं निरोप उतरला की होडीचं काम सपलं."

यांनी खडूनं दारावर एक होडी काढली. मग विचारलं, "बरं, होडीत पोती जास्त भरली तर?"

"काठावरनं पाणी आत येतं. पोती भिजत्यात."

"ह्याला ओव्हरमॉड्युलेशन म्हणत्यात," असं म्हणून हे एवढे हसले की सासूबाई काय झालं बघायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी यांनी वर्गात होडीच सांगितली. त्या दिवशी मेंढरू ओरडलं नाही. येताना पाव किलो जिलबी आणली. त्यानंतर यांचे तास सुधारत गेले. वर्गात बोलताना हे कुठल्यातरी एका पोराच्या हाताकडं बघायचे म्हणे. पण म्हणायचे, "त्यांचं हात काय सांगत न्हाईत. नुसतं पेन फिरवत्यात."

पुढं एफएम आलं. यांनी दारावर दोन लाटा काढल्या. पहिली कुठं उंच, कुठं बुटकी. दुसरीची उंची सगळीकडं सारखी, पण रेघा कुठं दाट, कुठं विरळ. निरोप त्या दाट-विरळ होण्यात असतो, असं हे सांगत होते. मी म्हणाले, "ह्या निऱ्या हाइत. हितं बारीक घेतल्यात, तितं मोठ्या."

आमच्या शेजारी पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की रेडिओ खरखरायचा. ती खरखर लाटेच्या उंचीवर येऊन बसते, हे यांनी सांगितलं. एफएममध्ये निरोप उंचीत नसतोच, मग वरचा खराब भाग छाटून टाकला तरी चालतं. मी म्हणाले, "काठ मळला तर काठ कापा. निऱ्या तशाच ऱ्हात्यात." हे म्हणाले, "हे उद्या सांगतो वर्गात, साडीच्या निऱ्या म्हणून." मी म्हणाले, "साडी नका म्हणू, पोरं दात काढतील. धोतर म्हणा."

त्याच वर्षी कॉलेजात एक जागा कायमची भरायची ठरली. दोघं उमेदवार होते, हे आणि पुण्याहून आलेले एकजण. दोघांनी समितीपुढं एकेक तास शिकवून दाखवायचा. जागा मिळाली तर हे कायमचे मास्तर. नाही मिळाली तर टर्म संपली की घरी. यांनी एफएमचाच तास निवडला. दारावर पाच-सहा वेळा म्हणून झाला. धोतराच्या निऱ्या कुठं येणार ते मलाही पाठ झालं होतं.

आदल्या दिवशी हे म्हणाले, "तू ये उद्या. सगळ्यात मागच्या बाकावर बस. मी तुझ्याकडं बघून बोलतो."

"मी? कॉलेजात?"

"प्रिन्सिपलांना विचारलंय मी. घरचं माणूस मागं बसलं तर चालंल म्हणाले. शेंगा आण हवं तर."

मी हो म्हणाले. सासूबाईंनी आपलं जपून ठेवलेलं इरकल नेसायला दिलं आणि बजावलं, "बाकड्यावर बसल्याव पाय हालवू नको."

हे सकाळच्या पहिल्या एसटीनं गेले. मी घरचं आवरून दहाच्या गाडीनं निघाले. गाडी वेळेवर सुटली आणि वेळेवर पोचली. हे इथं मुद्दाम लिहून ठेवते. मी वेळेच्या आधी अर्धा तास कॉलेजात होते. हातात शेंगांची पिशवीही होती. विचारत विचारत वर्गाच्या मागच्या दाराशी गेले आणि आत बघितलं.

वर्ग पायऱ्यापायऱ्यांचा होता. फळा खाली, बाकं एकामागं एक वर चढत गेलेली. शेवटचं बाक सगळ्यांत उंच. त्यावर यांची डब्याची पिशवी ठेवली होती, मी शिवलेली, निळ्या काठाची. माझी जागा धरून ठेवली होती यांनी. वर्गात पोरं यायला लागली होती. सगळ्यांत खालच्या बाकावर समितीची तीन माणसं बसली होती. प्रिन्सिपल असावेत ते एक, बाहेरून आलेले पाहुणे एक, आणि तिसरे पांढऱ्या फेट्यातले आमचे तात्या. ते संस्थेच्या मंडळावर होते हे मला माहीत नव्हतं. समितीवर तेच येणार हे यांनाही आधी कळलं नसावं, नाहीतर बोलले असते.

आमच्यात मोठ्या माणसांपुढं बायका बाजेवर, खुर्चीवर बसत नाहीत. खाली बसतात नाहीतर चौकटीला टेकून उभ्या राहतात. तात्यांपुढं तर माझे वडीलसुद्धा ओट्यावर चढत नसत, खाली पायरीवर बसायचे. आणि मला त्यांच्या डोक्यावर, सगळ्यांत उंच बाकावर जाऊन बसायचं होतं. त्यांच्या फेट्याच्या वर माझे पाय. त्यांनी वळून बघितलं तर? डाळजची पोरगी शिकलेल्याच्या घरात जाऊन चढेल झाली, असं त्यांना वाटलं तर? आज लिहिताना हे पोरकट वाटतं. तेव्हा माझा पाय उंबऱ्याच्या आत पडेना.

मी मागं सरले आणि व्हरांड्यात खिडकीखाली भिंतीला टेकून उभी राहिले. तिथून मला काही दिसत नव्हतं आणि मीही कुणाला दिसत नव्हते. ऐकू मात्र सगळं येत होतं.

यांनी इंग्रजीत सुरुवात केली. पहिलं थोडा वेळ ठीक गेलं. पाठ केलेलं होतं. मग मधे मधे थांबायला लागले. त्या थांबण्यात हे वर बाकाकडं बघत असणार हे मला कळत होतं. तिथं नुसती पिशवी. "उंची तीच राहते," हे मराठीत म्हणाले. आता निऱ्या येणार. "उंची तीच राहते, म्हणजे… म्हणजे…"

मी ओठातल्या ओठात म्हणाले, धोतर. दारात नुसती दिसले असते तरी पुरलं असतं. चार पावलांचं अंतर होतं. आत कुणीतरी हसलं. डस्टर खाली पडल्याचा आवाज आला. तात्यांचा आवाज आला, "सावकाश, सर. पानी घ्या." त्यानंतर यांचं बोलणं ऐकू आलंच नाही. नुसता खडूचा करकर आवाज, तास संपेपर्यंत. हे फळ्याकडं वळले होते.

माणसं बाहेर यायच्या आत मी निघाले आणि एसटी स्टँडवर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं हे आले, खांद्याला तीच निळ्या काठाची पिशवी. मला बघून थबकले.

"आत्ता आलीस? एसटी चुकली व्हय?"

मी काही बनवून सांगायच्या आधी यांनीच मला ते कारण दिलं. मी म्हणाले, "व्हय."

गाडीत हे शेंगा फोडून खात होते. एकदा म्हणाले, "धोतर विसरलो बघ." आणि थोड्या वेळानं, "एसटीचा काय भरवसा."

जागा पुण्याच्या माणसाला मिळाली. त्यांनी चांगलं शिकवलं असेल. टर्म संपली त्या दिवशी यांनी ओल्या फडक्यानं दार पुसलं. पुढं एका लग्नात तात्या भेटले. मी डोक्यावर पदर घेऊन चौकटीशी उभी होते. म्हणाले, "जावई हुशार हाय गं, पन चार मान्सांत तोंड उघडत न्हाय. तू तरी घरात बोलत जा त्याच्यासंगं. जीभ सुटंल त्याची."

"व्हय, तात्या," मी म्हणाले.

यांना मग बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम मिळालं आणि आम्ही बारामतीला राहायला आलो. नोकरी चांगली आहे. मोटारसायकल घेतली, पोरांच्या शाळा झाल्या. कॉलेजबद्दल हे कधी कडवट बोलत नाहीत. पाहुणे आले की गंमत म्हणून सांगतात, "एका एसटीनं माझी मास्तरकी घालवली." पाहुणे म्हणतात, "मग महामंडळावर केस टाका की राव!" सगळे हसतात. मी चहाचे कप पुढं करते आणि हसते. चांगली वेळेवर आलेली गाडी, बिचारी इतकी वर्षं बोलणी खातेय.

यांच्या त्या विषयाच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर हे लिहिते आहे. ही वही हे उघडत नाहीत.

आता दारावर काळा रंग नाही. पण संध्याकाळी हे कधी कधी कारखान्यातल्या एखाद्या मशीनचं सांगायला लागतात, कुठं बिघाड होता, कसा सापडला. मी खाली बसून शेंगा फोडत असते. बोलता बोलता यांची नजर सवयीनं माझ्या हातांवर येते. मी हात थांबू देत नाही. कळलं नाही तरी फोडत राहते. थांबले तर हे विचारतील, "काय झालं? कुठं अडलं?" आणि त्यावर मला त्या दिवसाचं खरं सांगावं लागेल.