माणूस हे वाहन नाही

मोजणीकाकूंशी बोलायचं तर त्या आपल्याकडे बघतील ही आशा आधी सोडावी लागे. डोळे रस्त्यावर, उजवा हात कागदावर आणि कान तेवढे आपल्यासाठी मोकळे. "हं, बोला, ऐकतेय मी," असं म्हणता म्हणता त्या दोन दुचाक्या, एक बस आणि गाद्या लादलेला टेम्पो कागदावर उतरवत, आणि वर तुमच्या गोष्टीतली चूक काढून दाखवत. "मघाशी तुमची बहीण धाकटी होती. आता थोरली कशी झाली?"

वाहतूक खात्याच्या मोजणीदार त्या. बावीस वर्षं याच चौकात, घडीचं स्टूल टाकून, सकाळी सात ते दुपारी तीन. मांडीवर पाटी, पाटीवर तक्ता. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, की झाली एक जुडी. तक्त्याला रकाने सहा: दुचाकी, तीनचाकी, चारचाकी, बस, ट्रक आणि इतर. चौकाच्या पलीकडे सरकारी दवाखाना, अलीकडे काकूंच्या पाठीशी दवाखान्याचं धुलाईघर, मधे चार पदरी रस्ता. मळक्या चादरी इकडे येत, धुतलेल्या तिकडे जात, आणि त्या नेण्याआणण्याचं काम बायका डोक्याखांद्यावरून करत. त्यांतच काकूंची धाकटी जाऊ.

पहिल्याच वर्षी काकूंनी रस्ता ओलांडणारी माणसं 'इतर'मध्ये मोजली होती. आठ दिवसांत खात्याचं पत्र आलं: 'पादचारी हे वाहन नसल्यामुळे इतर या रकान्यात त्यांची नोंद करण्यात येऊ नये.' त्याच आठवड्यात दोरी तोडून पळालेली एक म्हैस चौकातून गेली, ती काकूंनी 'इतर'मध्ये घातली. तिच्याबद्दल खात्याने आजतागायत चकार शब्द काढलेला नाही.

"म्हणजे म्हैस चालते आणि मी नाही?" जाऊ म्हणाली होती.

"तू चालतेसच की. म्हणून तर नाही चालत."

पत्र फाइलला लागलं, पण काकूंचा हात काही थांबला नाही. तक्त्याच्या डाव्या कडेला बोटभर कोरी जागा असे, तिथे त्या या बाजूने पलीकडे जाणारी माणसं मोजू लागल्या. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बावीस वर्षांचे तक्ते, आणि प्रत्येकाच्या कडेला मुंग्यांच्या रांगेसारख्या बारीक जुड्या.

मग धोरण आलं.

धोरण म्हणजे राष्ट्रीय बुद्धिमान वाहतूक धोरण. टप्पे चार: पाहणी, चाचणी, पडताळणी, विस्तार. पहिल्या पाच चौकांत हा चौक निवडला गेला. आठवड्याभरात चार नवे खांब उभे राहिले, खांबांवर कॅमेरे, आणि धुलाईघराच्या बाजूच्या खांबावर छातीच्या उंचीला एक चकचकीत पिवळं बटण. खांबांमागोमाग दोन माणसं आली. एक प्रकल्पसाहेब. त्यांचं प्रत्येक वाक्य 'असं आहे बघा'ने सुरू होई आणि 'बरोबर ना?'ने संपे, मधे उत्तराला जागा नसे. दुसरा सल्लागार, कोवळा, गळ्यात ओळखपत्र, काखेत लॅपटॉप. त्याच्या बोलण्यातून 'बेसिकली' काढून टाकलं असतं तर त्याला दम लागला असता.

"बेसिकली काकू, हा नुसता सिग्नल नाहीये. ही एक इकोसिस्टिम आहे. लिव्हिंग, ब्रीदिंग इकोसिस्टिम."

"अगं बाई! मग पाणी किती दिवसांनी घालायचं?"

साहेब खोकल्यासारखे हसले. "असं आहे बघा, गाड्या कॅमेरा मोजणार. पादचारी बटण मोजणार. ज्याला ओलांडायचंय त्याने बटण दाबायचं. एक दाब, एक मागणी. मागणी दिवसाला हजाराच्या वर गेली तर पादचाऱ्यांचा हिरवा दिवा कायम ठेवायचा, कमी असेल तर तो वेळ गाड्यांना. सगळं आकड्यांवर. माणसाचा हस्तक्षेप शून्य. बरोबर ना?"

"आणि आत्ता? बटण नाही दाबलं तर हिरवा लागणार नाही?"

"चाचणीत लागणार. जुन्याच वेळेने. चाचणीत बटण फक्त मोजणार."

काकूंनी एक बस आणि तीन चारचाकी उतरवून घेतल्या. न दाबताही दिवा लागणार असेल तर ते बटण कोण दाबेल, हा प्रश्न त्यांच्या जिभेवर आला होता. पण साहेब तोवर 'बरोबर ना?' म्हणून गाडीत बसलेसुद्धा.

तीन आठवडे चाचणी चालली. बुधवारी दुपारी दोघं परत आले, पडताळणीचा कागद घेऊन. यंत्राचा आकडा आणि हाताचा आकडा यांत शंभरात पाचांपेक्षा जास्त फरक नसावा, आणि तसं मोजणीदाराने लिहून सही करावी, असा नियम. गाड्यांचे आकडे तर जुळ्या भावांसारखे जुळले होते. काकूंचं बोट कागदावरून खाली खाली गेलं आणि शेवटच्या ओळीवर अडलं.

'सरासरी दैनिक पादचारी मागणी: ३.'

"तीन?" काकूंनी त्या दिवशी बावीस वर्षांत पहिल्यांदा रस्त्यावरून नजर काढली. "तीन काय? तीन हजार? तीन डझन?"

"बेसिकली, तीन."

"त्यातले दोन तर खांब पुसणारा दाबतो फडक्याने! सकाळी एकदा, दुपारी एकदा."

"मग उरला एक," साहेब म्हणाले. "असं आहे बघा, तीन माणसांसाठी दिवसभर चार पदरी रस्ता अडवायचा? सोमवारपासून हा दिवा बंद. पुढे पादचारी पूल आहेच."

"पुढे म्हणजे बसचा एक थांबा पुढे. साठ पायऱ्या वर, साठ खाली. कुबड्या घेऊन आलेला माणूस चढेल?"

"तो धोरणाचा प्रश्न नाही. तुम्ही सही करा."

काकूंनी पाटी फिरवून त्यांच्यापुढे धरली आणि डाव्या कडेवर पेन ठेवलं. "हे बघा. कालचे. अकराशे चौसष्ट. परवाचे अकराशे नव्वद."

साहेब वाकले, चष्मा वर केला, खाली केला. "हा रकाना तक्त्यात नाही."

"माणसं रस्त्यात आहेत."

"तक्त्यात रकाना नाही म्हणजे तुमच्याकडे आकडा नाही. आकडा नाही म्हणजे फरक नाही. फरक नाही म्हणजे सही. बरोबर ना?"

"नाही."

साहेबांच्या 'बरोबर ना?'ला उत्तर मिळण्याची ही पहिलीच वेळ असावी.

"इथे काय लिहिलंय?" काकूंनी सहीच्या वरची ओळ मोठ्याने वाचली. "'वरील सर्व माहिती मी स्वतः पाहून खरी असल्याची खात्री केली आहे.' सर्व. मी स्वतः पाहिलंय, म्हणून तर सही होत नाही."

"काकू, पुढच्या हंगामाची मोजणीदारांची यादी माझ्याच टेबलावरून जाते," साहेब आवाज मऊ करून म्हणाले. मऊ आवाजात धमकी दिली की ती सल्ल्यासारखी वाटते असा त्यांचा समज होता.

"जाऊ दे की. जाताना मोजून घ्या फक्त, एक नाव कमी भरेल." काकूंनी कागद उलटा केला. "आणि मागे बारीक अक्षरात कलम सात आहे. मोजणीदाराने सही नाकारल्यास एक दिवस फेरमोजणी. मला शुक्रवार द्या."

सल्लागाराने लॅपटॉप उघडला, कलम शोधलं. साहेबांकडे न बघता तो पुटपुटला, "बेसिकली... आहे, सर."

घरी जाऊ गुडघ्याला तेल चोळत बसली होती. काकूंनी सगळं सांगितलं. साहेबांचं 'असं आहे बघा' त्यांना इतकं हुबेहूब साधलं की आतल्या खोलीतून दीर विचारता झाला, "कोण आलंय गं?" जाऊ मात्र हसली नाही.

"सोमवारपासून मी कुठून जायचं? पुलावरून? दिवसाला चौदा खेपा आहेत माझ्या. या गुडघ्याने?"

"बटण दाबलं असतंत तर..."

"कशाने दाबू? शेपटीने?" जाऊ उठली, पलंगावरच्या दोन्ही चादरी ओढल्या, त्यांचं गाठोडं करून दोन्ही हातांनी कवेत धरलं आणि काकूंसमोर ठाकली. "सांग. दाखव मला माझा रिकामा हात. आणि दवाखान्यात येणारी? कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात डबा, कुणाच्या काखेत कुबडी. बटण काय रिकामटेकड्यांसाठी लावलंय? मोजणारी तू मोठी! माझ्या भाकऱ्या मोजतेस, माझ्या शिंका मोजतेस, आणि हात मोजता आले नाहीत तुला?"

ते मात्र खरं होतं. बावीस वर्षं त्यांनी डोकी मोजली होती. हात रिकामे की भरलेले, ते कधी बघितलं नव्हतं. काकू गप्प झाल्या, आणि जाऊ त्यांना गप्प करू शकली याचा जाऊलाच इतका धक्का बसला की गाठोडं धरल्या धरल्या ती दाराला टेकली. तिचं कोपर भिंतीवरच्या दिव्याच्या बटणावर पडलं. खोलीत अंधार झाला.

अंधारात काकूंची नजर जाऊच्या कोपराच्या दिशेने वळली.

"मी मोजणीदार आहे," काकू सावकाश म्हणाल्या. "मी कुणाला काही शिकवायचं नसतं. तसं केलं तर मोजणी खोटी होते."

"तुला कोण विचारतंय? तू बस रेघा मारत." जाऊने कोपरानेच दिवा लावला. "मी काही मोजणीदार नाही."

"आणि एकाने एकदाच गं. दोनदा दाबलं तर..."

"कळलं! पोरगी समजतेस का मला?"

गुरुवारी धुलाईघराच्या जेवणाच्या सुट्टीत काय बोलणं झालं ते काकूंना ठाऊक नाही, आणि त्यांनी ते विचारलंही नाही.

शुक्रवारी सात वाजता स्टूल मांडलं. साहेब नियंत्रण कक्षात पडद्यासमोर, सल्लागार चौकात काकूंच्या शेजारी. सात वाजून चार मिनिटांनी पहिलं गाठोडं आलं. गाठोड्याखालून कोपर निघालं आणि बटण 'टुक' वाजलं. काकूंनी डाव्या कडेला रेघ मारली. दुसरं कोपर, टुक. तिसरीने खांद्याचा ठोसा दिला. एका आजोबांनी कुबडीचं टोक असं नेम धरून टेकवलं की सल्लागाराच्या तोंडून 'वा!' निघून गेलं. एकीच्या दोन्ही हातांत चादरी आणि कोपरावर पिशवी. तिने वाकून कपाळाने दाबलं. औषधांचं खोकं नेणाऱ्याने हनुवटी वापरली. एका बाईच्या कडेवरच्या पोराने पायाने दाबलं आणि त्याला ते इतकं आवडलं की तो पुन्हा पाय उचलू लागला.

"ए बाळा, एकदाच!" पलीकडून जाऊ ओरडली. "एका माणसाला एकदाच! माझी जाऊ बसलीय तिथे, तिला जास्तीचं खपत नाही!"

काकूंनी मान वर केली नाही. पण त्या जुडीची आडवी रेघ जरा लांब गेली.

अकरा वाजता सल्लागाराचा फोन वाजला. साहेबांचा आवाज फोनबाहेरही स्पष्ट येत होता. "असं आहे बघा, इथे सहाशेच्या वर दाखवतंय! बटण अडकलंय का? कुणी खेळतंय का?"

सल्लागाराने रस्त्याकडे बघितलं. मग जाऊकडे. तिची ती सातवी खेप होती, आणि गुडघा तिला साथ देत नव्हता हे दिसत होतं. "नाही सर," तो म्हणाला. "बेसिकली... माणसं आहेत." आणि फोन ठेवल्यावर स्वतःशीच, बेसिकली न लावता, "कितीतरी माणसं आहेत."

पावणेतीनला साहेब स्वतः आले. गाडी दवाखान्याच्या बाजूला लावून, सगळ्या फाइली कवेत घेऊन, रस्ता ओलांडून काकूंसमोर उभे राहिले. तीन वाजले. काकूंनी शेवटची जुडी बांधली आणि मनातल्या मनात बेरीज केली.

"अकराशे एकोणनव्वद. यंत्राचं काय म्हणणं?"

"अकराशे बासष्ट," सल्लागार म्हणाला.

"सत्तावीसचा फरक. शंभरात सव्वादोन, अडीच म्हणा हवं तर. पाचाच्या आत." काकूंनी पेनाचं टोपण काढलं. "द्या कागद. सही करते."

साहेबांनी फाइली छातीशी घट्ट धरल्या. "असं आहे बघा, सहीची घाई नाही. यंत्र एकदा तपासून घेऊ. आजचा दिवस नेहमीसारखा वाटत नाही."

"यंत्र तीन म्हणालं तेव्हा ते बुद्धिमान होतं. आज माणसं दिसायला लागली तर बिघडलं?"

"तसं नाही, पण..."

"बुधवारी मी सही करत नव्हते तर तुम्ही माझं नाव कापायला निघाला होतात. आज मी करतेय तर तुम्ही कागद लपवता. कलम सात परत वाचून दाखवू? फेरमोजणीचा आकडा अंतिम. हजाराच्या वर गेला, म्हणजे दिवा कायम. माणसाचा हस्तक्षेप शून्य. बरोबर ना?"

मागे धुलाईघराच्या पायरीवर आठदहा बायका गाठोडी टेकवून उभ्या होत्या. त्यांतून कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांचं स्वतःचं वाक्य त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच हेलात, काकूंच्या तोंडून बाहेर पडलं होतं.

कागद सल्लागारानेच काढला. साहेबांच्या कवेतल्या दुसऱ्या फाइलमधून, अगदी अलगद. काकूंनी तिन्ही प्रतींवर सही केली. जोर देऊन, पाटीला वळ उमटेल अशी. मग आपला तक्ता जोडला, डाव्या कडेसकट. कडेच्या डोक्यावर त्यांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा एक शब्द लिहिला: 'माणसं'.

"हा रकाना..." साहेब सुरू झाले.

"तक्त्यात नव्हता. आता आहे. पुढच्या हंगामाच्या यादीत माझं नाव नसलं तरी हा रकाना ठेवा. नाहीतर नव्या मोजणीदाराला कड पुरायची नाही."

साहेब वळले. गाडी पलीकडे होती. खांबापाशी येऊन ते थांबले, समोर लाल. कवेत फाइलींचा ढीग, वर नाकावर घसरणारा चष्मा. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पायरीवरच्या बायका श्वास रोखून बघत होत्या. साहेबांनी हळूच, कुणाचं लक्ष नाही असं धरून, उजवं कोपर उचललं.

टुक.

"साहेब," काकू स्टुलाची घडी घालता घालता ओरडल्या, "तुम्ही काही माझ्या मोजणीत येत नाही हं! तीन वाजून गेले!"