हेल्याची सुटी

आज तांदळाच्या कोठीमागं वीस बाजूंचा निळा फासा सापडला, अन् आठ वर्षांमागची दुपार आठवली. चटईवर लाखोळी डाळीच्या वड्यांनी तेलकट झालेला नकाशा पसरून नात श्रुती मैत्रिणींसंगं लढाईचा खेळ खेळून राहिली होती. मीही बसलो. मंत्र म्हणून जनावर बोलवायचं, मग ते तासभर तुमच्या हुकुमात लढते, असा नियम. पोरींनी लांडगे बोलावले. मी बोलावला आपला धानाच्या बांधीत नांगर ओढणारा हेला, म्हणजे रेडा.

हेल्यानं दोन राक्षस लोळवले. तेवढ्यात श्रुतीची राणी, खेळातलं तिचं पात्र, घेरली गेली. वर्षभर जपून वाढवली होती तिनं.

"आबाजी, हेल्याले हुकूम द्या ना! माही राणी मरते!"

"दुपार झाली. आता त्याले पाण्यात बसू दे."

"नियमात थकवा नाही जी!"

"नियम लिहिणाऱ्यानं कधी हेला जुंपला काय?"

पोरी खिदळल्या. "बुढ्याचं काय ऐकतं वो? तूच हाक हेल्याले!"

श्रुतीनं माझ्याकडं पाहिलं, पेन्सिल घेतली, नकाशावर तळं काढलं. "बसला हेला," म्हणाली. पुढच्याच फाशाला राणी मेली.

जिंकल्यासारखा मिशीवर हात फिरवला होता मी. आता कळते, पोरींपुढं आज्याचा शब्द पडू नये म्हणून तिनं राणी मरू दिली.