पल्याडची वाचक

तेलंगणात, आदिलाबादजवळच्या मावल्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान चालवते. नवऱ्याची शेती भाजीपाल्याची. तो वांगी-टमाटे घेऊन आदिलाबादच्या बाजारात गेला की मी शटर वर करते. माझ्याकडे जास्त करून जैनथकडची मराठी माणसं येतात. त्यांना तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही, आणि हातातला कागद तर तेलुगूतच असतो. अर्ज भरता भरता ती विचारायची, "बाई, यादीत आमचं नाव काऊन नाई आलं? पेपरात काय लिवलं हाय?" मला तेलुगू वाचता येतं, म्हणून मी पेपर उघडून त्यांना मराठीत सांगायची. सांगता सांगता माझी मतंही त्यात मिसळायची. माझं राजकारण तिथून सुरू झालं.

ब्लॉग मात्र सुरू झाला मैत्रिणीमुळे.

जैनथ मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका गावच्या मराठी शाळेत आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलो. लग्न होऊन ती पैनगंगेपल्याड, यवतमाळ जिल्ह्यात गेली. अंतर म्हणाल तर एक बस आणि एक ऑटो. पण जमिनीच्या कागदाला तिकडे सातबारा म्हणतात, इकडे पहाणी. तिचा आमदार वेगळा, माझा वेगळा. फोनवर आमची पोराबाळांची चौकशी दोन मिनिटांत उरकायची, आणि मग एकमेकींच्या सरकारांवर आम्ही तासभर बोलायचो. एक दिवस ती म्हणाली, "हे सारं लिवून काऊन नाई ठेवत वं? तू सांगतं आन् मी भाकरी थापता थापता निम्मं इसरून जातो. लिवलं तं दुपारी सवडीनं वाचीन."

मी लिहिलं. आमच्याकडच्या एका गावात सरपंच बिनविरोध कसा निवडून आला, ते. दोन परिच्छेद लिहायला मला चार दिवस लागले. ब्लॉगवर टाकलं आणि तिला कळवलं. दुपारी तिचा फोन आला.

"वाचलं. काय झालं ते सांगितलं तू. काऊन झालं ते कुठं हाय?"

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी त्या गावची एक बाई दुकानात आली, तेव्हा मी तिला तोच प्रश्न विचारला. विरोधातल्या उमेदवारानं माघार का घेतली, ते तिनं हलक्या आवाजात सांगितलं. त्याच्या कुणा नातलगाला रेशन दुकान देण्याचा शब्द मिळाला होता. मी तो मजकूर पुन्हा लिहिला. या वेळी तो चांगला झाला, हे मला स्वतःलाच कळलं.

पुढची सहा वर्षं असंच चाललं. मी लिहायची, ती दुपारी वाचायची आणि मग फोन करायची. कधी म्हणायची, "हे तू पेपरातलं उचललं." कधी, "इथं तुले भेव वाटलं, दिसून राह्यलं." स्तुती क्वचितच. एकदा ती फक्त म्हणाली, "आज दोनदा वाचलं." त्या दिवशी माझ्या हातून एका माणसाच्या अर्जात बापाच्या जागी बायकोचं नाव पडलं.

हळूहळू वाचक वाढले. गुडीहत्नूरहून, पार नांदेडहून प्रतिक्रिया यायला लागल्या. निवडणुका आल्या की पक्षांचे कार्यकर्ते दुकानात येऊन, "मॅडम, या टायमाला आमच्यावर काय लिहून राह्यल्या?" असं हसत हसत विचारायचे. मंडल ऑफिसात कारकून खुर्ची पुढे करायचा. मला ते आवडत होतं. खोटं कशाला सांगू?

मग तिच्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, ती उभी राहिली आणि निवडून आली. मी पेढे वाटले. पण त्यानंतर फोन केला की तिचा नवरा उचलायला लागला. "ते मीटिंगमंदी हाये," "ते शेतात गेली." एकदा, दोनदा, पाचदा. मला वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्यातूनच मी एक लेख लिहिला: ज्या गावांत बाई सरपंच आहे, तिथं शिक्का नवऱ्याच्या खिशात कसा असतो त्यावर. गावाचं नाव नव्हतं, तिचं नव्हतं. पण एक वाक्य होतं: "सरपंच बाईंना फोन लावा, नवरा उचलेल."

माझा कुठलाच लेख इतका फिरला नाही. नदीपल्याड तिच्या विरोधकांनी त्याची प्रत काढून पंचायतीच्या भिंतीवर चिकटवली, हे मला चार दिवसांनी दुकानात आलेल्या एकाकडून कळलं. तिनं फोन केला नाही. मी केलेला कुणी उचलला नाही.

शेवटी मी गेले. तिच्या दारात उभी राहिले तेव्हा ती अंगणात गहू निवडत होती. उठली, चटई टाकली. "या. बसा," म्हणाली. एका बाकावर बसलेली मैत्रीण मला "बसा" म्हणाली. चहा आणला, कपाखाली बशी ठेवून, पाहुण्यांना देतात तसा.

मी म्हणाले, "चुकलं माझं. मी तुझं नाव नाई घेतलं, पण..."

"नाव काऊन घ्या लागते? अख्ख्या गावाले समजलं." ती पुन्हा गव्हाकडे वळली. मग खाली बघत बोलली. "निवडून आली त्या दिवसापासून माणसं फोन करून घाणेरडं बोलत होती. नाव नाई सांगत, नुसती शिव्या देत. मीच यांना म्हणलं, काई दिवस फोन तुमी ठेवा. शिक्का माझ्यापाशीच हाय. मीच मारतो."

मी कप बशीत ठेवला.

"तुमी इचारलं असतं तं सांगितलं असतं," ती म्हणाली. "यांच्यापाशी निरोप ठेवता आला असता. इथं येताही आलं असतं. आज आल्याच ना?"

तिचा नवरा मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. भला माणूस. वाटेत तो पावसापाण्याचं बोलत राहिला.

घरी आल्यावर मी लेख काढून टाकला, आणि त्या जागी माझी चूक काय होती ते लिहिलं, तिला ओळखता येणार नाही असं. ते फारसं कुणी वाचलं नाही. तिनं वाचलं का, माहीत नाही. दोन दिवाळ्या गेल्या. मी दोनदा फराळ पाठवला, तिच्याकडूनही दोनदा आला, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती. चिठ्ठी कुणीच ठेवली नाही.

मी अजून लिहिते. आता लेख टाकण्याआधी ज्याच्यावर लिहिलं त्याच्याकडे जाऊन विचारते. त्यात वेळ जातो, आणि निम्मे लेख मग लिहावेसेच वाटत नाहीत. जे टाकते त्यावर भरपूर लोक बोलतात. कुणी मला डोक्यावर घेतं, कुणी शिव्या घालतं. पण वाचून झाल्यावर कुठला शब्द मी भिऊन वापरलाय, हे सांगणारं त्यात कुणी नाही. दुपारी दुकानात गर्दी नसली की मी आपलंच लिहिलेलं वाचते आणि तिच्या आवाजात त्याला नावं ठेवून बघते. जमत नाही. ती काय म्हणाली असती, हे मला कधीच आधी सांगता आलं नव्हतं.

परवा मी पैनगंगेच्या पाण्यावर लिहायला घेतलं. कुठल्या गावाला कालवा मिळणार, कुणाची जमीन जाणार, पुढाऱ्यांनी काय शब्द दिला होता. आमच्या काठावरची माणसं भेटली, कागद पाहिले. त्या काठाचं लिहायची वेळ आली आणि हात थांबला. इतकी वर्षं मी कधी तिकडच्या कुणा माणसाला शोधलंच नव्हतं, ती होती म्हणून गरजच पडली नव्हती. अर्धा लेख झाला होता. मी खाली एक ओळ लिहिली, "नदीच्या त्या बाजूला काय चाललंय ते मला आता माहीत नाही," आणि लेख तसाच ब्लॉगवर टाकला.