रिकाम्या ताटाचा अर्थ सांगणारे बागवान चाचा

बागवान चाचा पहिल्यांदा आमच्या दारात आले ते दोन उपाशी पाहुणे घेऊन. एका परदेशी नवरा-बायकोला गुऱ्हाळ दाखवायला ते मिरजेहून निघाले होते आणि कडेगावच्या अलीकडे, आमच्या वस्तीजवळ, त्यांची गाडी बंद पडली. दुपार टळून गेलेली. चाचा दारातूनच म्हणाले, "आक्का, पावणं लय लांबचं हायत. भाकरी मिळंल का?" मी म्हटलं, बसा की, विचारताय काय.

चाचा मेकॅनिकला फोन करत रस्त्याकडं गेले आणि मी वाढायला घेतलं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं कालवण, ठेचा, दही. त्या बाईंनी ताट पुसून रिकामं केलं. रिकामं ताट म्हणजे पाहुणा अजून उपाशी, एवढंच मला ठाऊक. मी परत वाढलं. त्यांनी परत संपवलं. चौथ्या भाकरीला बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं ठेचा लागला, म्हणून आणखी दही घातलं. चाचा परत आले तेव्हा बाई पोट धरून जोत्यावर आडव्या झाल्या होत्या आणि त्यांचा नवरा पाचवी भाकरी हातात घेऊन कोर्टात उभं केल्यासारखा बसला होता.

चाचांनी त्यांना इंग्रजीत विचारलं, मग मला सांगितलं. त्यांच्याकडं ताटात टाकलं की वाढणाऱ्याचा अपमान. म्हणून बिचारे संपवत होते. आमच्याकडं पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की घराची लाज. म्हणून मी वाढत होते. दोघंही चांगलंच वागत होतो आणि माणूस मरायला टेकला होता. मला वाटलं चाचा आता मला बोल लावणार. ते म्हणाले, "चूक माजी हाय, आक्का. मी मदी बसायला पायजे हुतो."

मधे बसणं हेच चाचांचं आयुष्यभराचं काम. श्री. दिलावर बागवान यांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. मिरजेच्या तंबोऱ्याच्या दुकानांत, सांगलीच्या हळदीच्या पेठेत, आमच्यासारख्यांच्या चुलीपुढं त्यांनी जगभरचे पाहुणे आणून बसवले. असे पाहुणे आणणाऱ्या सगळ्या मंडळींची वर्षातून एकदा भरणारी परिषद त्यांनीच सुरू केली. त्यांचा हा गौरवग्रंथ यंदा त्याच परिषदेत निघणार आहे. मी चौथी शिकलेली बाई. संपादकांनी माझं शुद्धलेखन सुधारावं, वाक्यांना हात लावू नये.

त्या भाकरीनंतरच्या परिषदेला चाचांनी मला सांगलीला बोलावलं. तक्रार झाली असणार, असं धरूनच मी गेले. मंगल कार्यालय हॉटेलवाले, गाडीवाले, गाईड, मुंबई-दिल्लीचे एजंट यांनी भरलेलं. जो तो ‘इनबाउंड, इनबाउंड’ म्हणत होता. मी चाचांना विचारलं, हे काय असतं. बाहेरून येणारा पाहुणा, असं त्यांनी सांगितलं. मग पाहुणाच म्हणा की, तोंड दुखतंय का, असं मी म्हणाले. हेच वर जाऊन सांगा, म्हणाले आणि त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

मी एक वाक्य बोलायचं, थांबायचं. चाचा ते इंग्रजीत सांगायचे. मग लोक हसायचे आणि मला कळायचं, पोचलं. त्या दिवशी भाकरीची सगळी गोष्ट सांगून झाली. तेव्हापासून आपल्या भागात येणारा पाहुणा नमस्काराच्या आधी ‘बास’ म्हणायला शिकतो. पोट भरलं की ताटावर हात आडवा धरायचा आणि बास म्हणायचं. आणि वाढणाऱ्या बाईनं तिसऱ्यांदा आग्रह करायचा नाही. हे दोन्ही चाचांनी लावलं. दर परिषदेत अर्धा तास आमचा दोघांचा ठरून गेला.

चाचा कुणाची भीड ठेवत नसत. एका मोठ्या एजंटाला आमच्या वस्तीवर दर आठवड्याला गाडीभर माणसं पाठवायची होती. अट एकच. बायकांनी रोज नऊवारी नेसायची, नथ घालायची आणि म्हैस मागं बांधायची, कारण फोटोत शेण येतं. पैशासाठी मी तयार झाले होते, खोटं कशाला बोलू. चाचांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "साहेब, पावणा घर बघाय येतो. घरानं नाटक कशाला करायचं?" तो उठून गेला. मी चाचांवर दोन दिवस चिडून होते. तिसऱ्या दिवशी गाऊनवर टॉवेल टाकून म्हशीची धार काढत होते, तेव्हा मला हसू आलं. हे सगळं रोज नऊवारीत करायचं म्हणजे मेलेच असते.

आणि एक गोष्ट मी आजवर कुठं सांगितली नाही. आमचे मालक, मिलिटरीतून रिटायर झालेले, मिरजेच्या दवाखान्यात बारा दिवस होते. त्याच आठवड्यात परिषद होती. ऑपरेशनच्या सकाळी चाचा चहाचा थर्मास घेऊन आले आणि बाकावर माझ्याशेजारी बसले. दहा वाजले, अकरा वाजले. तिकडं उद्घाटन खोळंबलेलं, फोनवर फोन येत होते. मी त्यांच्यावर खेकसले, "आवं चाचा, जावा की, लोकं ताटकळल्यात." ते म्हणाले, "तितं शंभर माणसं हायत, आक्का. हितं तुमी एकट्या हायसा." डॉक्टर बाहेर येईपर्यंत ते हलले नाहीत. तेव्हा मी त्यांना साधं ‘बरं झालं आलात’ एवढंसुद्धा म्हणाले नाही. ते इथं लिहिते. बरं झालं आलात, चाचा.

गेली दोन वर्षं चाचा लेकीकडं बंगळूरला आहेत. गुडघे गेले. गेल्या वर्षी परिषद साताऱ्याजवळ हायवेवरच्या हॉटेलात झाली. आता सगळ्यांच्या कानात यंत्र असतं, त्यात बोललेलं आपोआप इंग्रजी होतं. मला दहा मिनिटं दिली. मी एक वाक्य बोलले आणि सवयीनं थांबले, चाचा बोलतील म्हणून. कुणी बोललं नाही. लोक माझ्याकडं बघत राहिले. मी पुढचं वाक्य बोलले, परत थांबले. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई कानाशी येऊन म्हणाल्या, काकू, थांबायची गरज नाही. मी बोलणं तिथंच आवरलं, खाली येऊन बसले आणि जेवायलासुद्धा थांबले नाही.

परवा मी चाचांना फोन लावला. यंदा कवा येताय, एवढंच विचारायचं होतं. ते म्हणाले, "आक्का, हितं समदी कन्नड नायतर इंग्लिश बोलत्यात. जरा बोला की तुमी. काय बी बोला." मग पिकाचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं. शेवटी परत विचारलं. म्हणाले, लेक आणून सोडायला तयार आहे, रेल्वेगाडीत झोपून येता येईल. "पर परिषद वरच्या मजल्याव हाय म्हनं. जिना नसंल तर येतो."

समितीला मी विचारलं. ते म्हणतात, हायवेच्या हॉटेलचा दुसरा मजला ठरलाय, लिफ्टचं काम चाललंय, वेळेत झालं तर होईल, आणि ग्रंथ कुरिअरनं पाठवता येईल. पुस्तक कुरिअरनं जातं, माणूस येत नाही. म्हणून छापायच्या आधी हे वाचणाऱ्या संपादकांना आणि समितीला सांगते. मिरजेला स्टेशनाजवळ मंगल कार्यालयं आहेत, तळमजल्यावर आहेत. खुर्च्या साध्या असतील, पडदा छोटा असेल, एजंटांना गाडी लावायला त्रास होईल. होऊ दे. ते हॉटेल रद्द करा. जेवणाचं मी बघते.

चाचांना शंभर वर्षं मिळोत, असं सगळेच लिहितील. माझं मागणं एवढं मोठं नाही. गाडीतून फलाटावर उतरायला आणि तिथून कार्यालयाच्या दारापर्यंत चालायला जेवढे पाय लागतात, तेवढे त्यांना मिळावेत. यंदा मिळावेत, पुढच्या वर्षी मिळावेत, आणि आपण बोलावू त्या प्रत्येक वर्षी मिळावेत. उतरल्यावर हात धरायला मी आहे.