जिने माझ्यासाठी सगळ्या घराला गप्प बसवलं

आमच्या घरातल्या सगळ्यांची तोंडं बंद करणारी बाई आज सकाळी गेली.

माझी कमलआत्या. बाबांची धाकटी बहीण.

मी आज चारचौघांत बोलते, वाद घालते, फोनवर तुमचं डोकं खाते, ते सगळं पाप तिच्या माथी.

साठच्या दशकाची सुरुवात असेल. गाव मिठबाव. मी दुसरीत होते आणि बोलताना अडकायचे. अक्षर घशातून वर यायचंच नाही.

शाळेत पोरं माझी नक्कल करायची.

घरी सगळे उलट भारी प्रेमळ. मी "पा..." म्हटलं की आई पाणी आणायची, काका वाक्य पूर्ण करायचा, आणि शेजारची काकी माझ्या मनात नसलेलंही बोलून टाकायची.

हळूहळू मी बोलणंच सोडलं. गरजच काय होती?

आईने वेखंड उगाळून जिभेला लावलं, नवस बोलली. शेवटी बाबांनी ठरवलं, पोरीचं हसं नको, शाळा बंद.

त्याच वर्षी आत्या मुंबईची नोकरी सोडून गावी आली. ती नर्स. एका मोठ्या हॉस्पिटलच्या पोलिओ वॉर्डात तिने कितीतरी पोरांना पायावर उभं केलं होतं.

ती बाबांशी भांडली आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत मागून घेतली.

स्पीच थेरपी हा शब्द तेव्हा आमच्याकडे कोणाला माहीत? तिलाही नव्हता. तिच्याकडे होता तो वॉर्डातला अनुभव. तोच तिने माझ्यावर चालवला.

आणि आधी सपशेल आपटली.

पायांना देतात तसे जिभेला एक्सरसाइज. आरशापुढे जीभ बाहेर, आत, वर. मी जास्तच अडकायला लागले. तिने स्वतःच ते बंद केलं. हिची जीभ लुळी नाही, माझंच चुकलं, असं बाबांना सरळ सांगितलं. हा तिचा मोठेपणा मला फार उशिरा कळला.

मग चवथ आली. आरती झाल्यावर काकाने गणपतीला गाऱ्हाणं घातलं. त्याच्या प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी एका सुरात "होय म्हाराजा" म्हणायचं, ही आमची रीत.

मीही म्हणत होते. खणखणीत, कुठेही न अडकता. आत्या माझ्या मागेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना ओटीवर बसवलं. वॉर्डात पोरं आधी दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून चालतात, मग एक हात सुटतो, मग दुसरा. आधार एकदम काढायचा नाही, म्हणाली.

तेव्हापासून रोज दिवाबत्ती झाली की अख्खं घर माझ्याबरोबर एका सुरात बोलायचं. आज काय जेवलो, गाय कुठे गेली होती, काहीही. मग एकेकाने आवाज उतरवायचा. शेवटी नुसते ओठ हलवायचे.

दुसरा नियम घराला जास्त जड गेला.

"वॉर्डात आया पोरांक कडेवरसून खाली ठेवीत नसत. मायेनंच. पण पाय टेकल्याशिवाय बळ खंयसून येतला? हिचा बोलणा तुम्ही सगळे कडेवर घेवन फिरतास. खाली ठेवा."

आई रडली. पण मी अडकले की गप्प राहायला शिकली.

दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा दिवस आला. बाबांनी चुलीपाशी सगळ्यांसमोर विचारलं, शाळेत जायचंय का.

काकाचं तोंड उघडलं होतं. आत्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

मी पहिल्याच अक्षराला अडकले. चुलीवरचा भात उतू गेला, तरी कोणी उठलं नाही. आईने पदर तोंडात धरला होता.

"म... म... माका शाळेत जावचा आसा."

बाबांनी स्वतः उठून भाताचं भांडं चुलीवरून उतरवलं. मग म्हणाले, "उद्या मीच सोडतंय तुका."

पुढे मी शिकले. कणकवलीला शाळेत शिकवून रिटायर झाले. अडखळणं पूर्ण गेलं नाही, पण त्यासाठी मी कधी गप्प बसले नाही.

नंतर पार वालावलहून आया अडखळणारी पोरं घेऊन आत्याकडे यायच्या. ती पोरांना चणे द्यायची आणि आयांना दम भरायची.

ही आमच्या घरातली बाई होती. मला तिचा इतका अभिमान आहे की आज रडतानाही मान ताठ आहे.

आते, माका जां काय बोलूचा होता, तां सगळा मी बोललंय गो. तू आता सावकाश जा.